होडी, गरुडध्वज आणि पुसट आकडा: मार्क अँटनीच्या चांदीच्या नाण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा: "माझे थोरले बंधू लंडनला नोकरीला होते. त्यांच्या मागे त्यांच्या वस्तूंत एक काळपट चांदीचे नाणे सापडले. एका बाजूला वल्ह्यांची होडी, दुसऱ्या बाजूला तीन उभ्या काठ्या. काठ्यांच्या मध्ये रोमन अक्षरांत एल-ई-जी, पुढे एक्स, मग सगळे पुसट. होडीच्या वर ए-एन-टी ए-व्ही-जी. दादांच्या चिठ्ठीत 'ऑगस्टस' एवढेच लिहिले आहे. आमच्या सराफाने चांदी हलकी असल्याचे सांगितले. नाणे खरे असेल का? ऑगस्टसचेच का? आणि रांगोळीने घासले तर अक्षरे वाचता येतील का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत आधी देतो, कारण त्याची घाई आहे. घासू नका. रांगोळी नको, दंतमंजन नको, चिंच-लिंबू नको, बाजारात मिळणारे चांदी उजळायचे पाणी तर मुळीच नको. देवाची उपकरणी उजळतात तशी ही चांदी उजळत नाही. पुसट आकड्याची जी काही उंची अजून शिल्लक आहे ती केसाएवढीही नसते. रांगोळीच्या एका फेऱ्यात ती जाईल आणि मग हे नाणे कुठल्या लीजनचे, म्हणजे रोमन सैन्याच्या कुठल्या पलटणीचे, हे जगात कोणालाही सांगता येणार नाही. काळा थर आहे तसा राहू द्या. वाचायला तोच मदत करतो: खोलगट भागात काळे साठते, उंच भाग उजळ राहतो, म्हणून अक्षर उठून दिसते.

आता नाण्याकडे वळू. तुमच्या वर्णनावरून हे रोमन सेनापती मार्क अँटनीचे लीजन-नाणे आहे. देनारियस नावाचे रोमन चांदीचे नाणे, इ.स.पू. ३२-३१ च्या हिवाळ्यात आणि त्यापुढच्या काही महिन्यांत पाडलेले. ऑगस्टसचे नक्कीच नाही. उलट पुढे ज्याला ऑगस्टस म्हणू लागले त्या ऑक्टेव्हियनशी लढण्यासाठीच ही नाणी पाडली गेली. दादांची चूक समजण्यासारखी आहे, पुष्कळ जाणते लोकही तिथे अडखळतात. 'ए-व्ही-जी' दिसले की मन ऑगस्टसकडे धावते. पण ऑक्टेव्हियनला ती पदवी मिळाली इ.स.पू. २७ मध्ये, हे नाणे पाडल्यानंतर चार वर्षांनी. इथला शब्द आहे ऑगर, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन सांगणाऱ्या राजमान्य पुरोहितांपैकी एक. हे पद अँटनीला इ.स.पू. ५० मध्ये मिळाले होते आणि त्याला ते मिरवायला आवडे. होडीच्या खाली नीट पाहिलेत तर आणखी अक्षरे दिसतील: तीन उभ्या रेघा, व्ही-आय-आर, मग आर-पी-सी. 'प्रजासत्ताकाची घडी बसवण्यासाठी नेमलेल्या तिघांपैकी एक', हा त्याचा दुसरा हुद्दा.

ऑगरबद्दल कोणाला शंका असेल तर रोमन टांकसाळीनेच तिचे निरसन करून ठेवले आहे. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस हे दोघे मिळून राज्य करत असताना, म्हणजे इ.स. १६१ ते १६९ या काळात, त्यांनी अँटनीच्या सहाव्या लीजनच्या नाण्याची आठवण म्हणून नवी आवृत्ती काढली. तीच होडी, तेच गरुडध्वज. पण लेख संक्षेपात न ठेवता 'अँटोनियस ऑगर' असा पूर्ण लिहिला. इतक्या वर्षांनीही हे नाणे लोकांच्या हातात रोज फिरत होते, म्हणूनच त्याची नक्कल काढावीशी वाटली. ते इतके दिवस का फिरत राहिले याचे उत्तर तुमच्या सराफाने नकळत दिले आहे. त्याकडे येतोच.

आधी छाप. दुसऱ्या बाजूच्या 'काठ्या' म्हणजे सैन्याची निशाणे. मधली जी आहे तिच्या टोकाला पंख पसरलेला गरुड असतो. झिजलेल्या नाण्यावर तो नुसता गोळा दिसतो. हा लीजनचा ध्वज. मराठीत त्याला गरुडध्वज म्हणण्यात काहीच ओढाताण नाही, लॅटिनमध्येही त्याचे नाव गरुडावरूनच आहे. तो शत्रूच्या हाती पडणे ही लीजनची सर्वांत मोठी नामुष्की. दोन्ही बाजूंना लहान तुकड्यांची निशाणे, त्यांवर एकाखाली एक चकत्या. होडी म्हणजे लढाऊ गलबत, वल्हेकऱ्यांसह, नाळेवर फिती बांधलेला दंड. थोडक्यात एका बाजूला आरमार, दुसऱ्या बाजूला पायदळ.

या नाण्यावर काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. अँटनीचा चेहरा नाही. त्याची साथीदार, इजिप्तची राणी क्लिओपात्राही नाही. त्याच सुमाराच्या अँटनीच्या दुसऱ्या एका देनारियसवर एका बाजूला त्याचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला तिचा, 'राजांची राणी' अशा बिरुदासह. म्हणजे तिची छबी नाण्यावर घालण्यात त्याला संकोच नव्हता. पण रोममध्ये ऑक्टेव्हियनचा सगळा प्रचार हाच होता की अँटनी एका परक्या राणीच्या मुठीत गेला आहे, आणि युद्धही ऑक्टेव्हियनने कागदोपत्री क्लिओपात्राविरुद्धच पुकारले. अशा वेळी शिपायाच्या हाती पडणाऱ्या पगारावर फक्त त्याच्याच लीजनचा आकडा आणि त्याचाच गरुड असावा, हा निर्णय मला फार विचारपूर्वक घेतलेला वाटतो. पाचव्या लीजनचा शिपाई नाणे उलटून पाहतो तेव्हा त्याला स्वतःचीच पलटण दिसते.

आणि पगार किती लागत होता? ज्यूलियस सीझरने दुप्पट केल्यानंतर साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की ॲक्टियमला, म्हणजे ऑक्टेव्हियनने अँटनीला हरवले त्या लढाईत, अँटनीच्या १९ लीजन होत्या. एका लीजनमध्ये ढोबळ पाच हजार माणसे धरली तर नुसत्या साध्या शिपायांचाच वर्षाचा खर्च दोन कोटी देनारियसच्या पुढे जातो. शताधिपती वेगळे, घोडदळ वेगळे, आरमाराचे वल्हेकरी वेगळे. टांकसाळ सैन्याबरोबर हिंडत होती. त्या हिवाळ्यात अँटनीचा मुक्काम ग्रीसच्या पात्रे शहरात होता, आजचे पॅट्रास, आणि बरीचशी नाणी तिथे पडली असे मानले जाते. त्या सैन्याला पोसताना आसपासच्या लोकांचे काय हाल झाले ते प्लुटार्कने घरातलीच आठवण देऊन लिहिले आहे: त्याचे पणजोबा निकार्कस सांगत की त्यांच्या गावच्या माणसांना पाठीवर गव्हाची ओझी देऊन चाबकाच्या धाकाने समुद्रकाठी पाठवले जाई. दुसरी खेप मोजून तयार होती, एवढ्यात अँटनी हरल्याची बातमी आली आणि गाव वाचला. हे नाणे हातात घेतले की मला तो गहू वाहणारा गाव आठवतो.

एवढी चांदी आणायची कुठून? म्हणून हीण मिसळले. तुमच्या सराफाच्या बोटांना जे कळले ते हेच. रोमन लेखक प्लिनी लिहितो की अँटनीने देनारियसमध्ये लोखंड मिसळले. लोखंड नव्हे, नेहमीप्रमाणे तांबेच जास्त घातलेले आहे, हे आजच्या तपासण्यांत दिसते. त्या काळचे इतर रोमन देनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचे असत, हे त्यांच्यापेक्षा हलक्या कसाचे. तेव्हा चांदी हलकी निघाली म्हणून नाणे खोटे ठरत नाही. उलट ते फार शुद्ध निघाले असते तर मी जास्त सावध झालो असतो.

पण या हीणाने पुढे जे केले ते मला या नाण्यातले सगळ्यांत सुंदर वाटते. जुन्या मराठी हिशेबवह्यांत बट्टा हा शब्द पानोपानी भेटतो. कुठल्या टांकसाळीचा रुपया किती कसाचा आणि तो घेताना किती कापून घ्यायचे हे आपल्याकडच्या सराफाला तोंडपाठ असे. आणि माणसे जगभर सारखीच: चांगले नाणे गाठीला बांधायचे, हलके बाजारात सरकवायचे. रोमनांनीही तेच केले. अँटनीची नाणी कोणी साठवली नाहीत, कोणी वितळवली नाहीत, कारण वितळवून फायदा नव्हता. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने देनारियसचे वजनही घटवले आणि कसही. त्यानंतर जुनी शुद्ध नाणी हळूहळू मुशीत जाऊ लागली. पुढे सम्राट ट्राजनने झिजलेली नाणी गोळा करून वितळवली असे इतिहासकार डिओ कॅशियस सांगतो. अँटनीचे हिणकस नाणे मात्र नव्या नाण्यांशी बरोबरीने चालत राहिले. जो हरला, ज्याने स्वतःच्या तलवारीने प्राण दिला, त्याच्या पगाराची नाणी जिंकणाऱ्याच्या साम्राज्यात दोनशे वर्षे भाजी-भाकरी विकत घेत होती. ब्रिटनपासून सीरियापर्यंत सापडलेल्या, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ठेव्यांत ती मिळतात, आणि बहुतेक वेळा अशी की होडीची नुसती सावली उरलेली. मग सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने देनारियसची चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली तेव्हा इतकी वर्षे हिणकस समजले गेलेले हे नाणे अचानक चांगले ठरले, आणि तेही मुशीकडे निघाले.

म्हणून तुमच्या नाण्याची झीज ही उणीव समजू नका. सात-आठ पिढ्यांच्या बोटांनी ती केली आहे. मी स्वतः झिजलेलेच जास्त प्रेमाने विकत घेत आलो आहे.

आता आकडा. या मालिकेत दुसऱ्यापासून तेविसाव्यापर्यंतच्या लीजन खात्रीने मिळतात. पहिल्या लीजनची म्हणून जी दाखवतात ती अतिशय दुर्मिळ, आणि त्यांत बनावट पुष्कळ. चोविसाव्यापासून तिसाव्यापर्यंतचे आकडे कोणी दाखवले तर मान डोलावून पुढे जावे. ॲक्टियमला १९ लीजन आणि नाण्यांवर बावीस, हा फरक कसा, असे तुमच्या मनात येईल. सगळे सैन्य ग्रीसमध्ये नव्हते, काही लीजन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सायरेनिकात होत्या. तीन लीजनांना आकड्याखेरीज नावेही आहेत: बारावी 'अँटिक्वे' म्हणजे जुनी, सतरावी 'क्लासिके' म्हणजे आरमारी, अठरावी 'लिबिके' म्हणजे लिबियाची. शिवाय अंगरक्षक तुकड्यांचे एक आणि टेहळ्यांच्या तुकडीचे एक अशी दोन नाणी वेगळी आहेत. ती साध्या लीजनांपेक्षा बरीच कमी भेटतात. अशा नावांच्या नाण्यांवर लेख वरच्या बाजूनेही फिरतो, त्यामुळे निशाणांच्या डोक्यावर कुठे अक्षरांचे अवशेष आहेत का, ते आवर्जून पाहा.

साध्या नाण्यावर गरुडध्वजाच्या डाव्या अंगाला एल-ई-जी आणि उजव्या अंगाला आकडा असतो. तुम्हाला एक्स दिसतो. म्हणजे दहापासून तेवीसपर्यंत काहीही शक्य आहे, पण शक्यता बऱ्याच कमी करता येतात. खोली अंधारी करा. नाणे काळ्या कापडावर ठेवा आणि मोबाइलचा दिवा टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. मग दिवा न हलवता नाणे थोडे थोडे फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. सात-आठ फोटो. ज्या रेघा वरून पाहताना नाहीशा वाटतात त्या एका कोनात अचानक सावली टाकतात. एक्सच्या जागेकडे लक्ष द्या. तो मोकळ्या जागेच्या मधोमध असेल तर लीजन दहावी असण्याची शक्यता जास्त. तो गरुडध्वजाला चिकटून असेल आणि उजवीकडे रिकामे असेल तर तिथे काहीतरी होते. मग ती उभी रेघ की तिरपी, एवढेच ठरवायचे. तिरपी दिसली तर पंधरा ते अठरा किंवा वीसच्या घरात जा. एक सूचना: रोमन कोरणारे एकाच पद्धतीला बांधलेले नव्हते. चार, नऊ, चौदा हे आकडे दोन्ही तऱ्हांनी मिळतात, चार उभ्या रेघांनीही आणि वजाबाकीच्या पद्धतीनेही. म्हणून एक्सपुढे चार रेघा दिसल्या तर चूक समजू नका, ती चौदावी.

आकड्याच्या लोभाने फसवणूकही होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी एकोणिसावी लीजन म्हणून एक नाणे घेतले. घरी भिंगाखाली पाहिले तर शेवटची रेघ पार्श्वभूमीच्या पातळीखाली होती, म्हणजे कोणीतरी हल्लीच सुईने कोरलेली. खऱ्या ठशाने उठलेले अक्षर नेहमी पातळीच्या वर असते, कितीही झिजले तरी. तेव्हापासून मी आकड्याच्या मुळाशी पाहिल्याखेरीज पैसे देत नाही. सतरा, अठरा आणि एकोणीस हे आकडे असे मुद्दाम घडवले जातात, कारण विकणारे सांगतात की इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या ट्यूटोबुर्ग जंगलात रोमन सेनापती वारुसबरोबर ज्या तीन लीजन गारद झाल्या त्याच या. ते खरे नाही. ॲक्टियमनंतर ऑक्टेव्हियनने अँटनीचे सैन्य मोडून काहींना घरी पाठवले, काही आपल्यात मिसळून घेतले. जंगलात मारल्या गेलेल्या लीजन त्याने स्वतः उभारलेल्या होत्या, आकडा तेवढा सारखा. तुमचे नाणे सतराव्या लीजनचे निघाले तर आनंद माना, पण ती गोष्ट त्याला चिकटवू नका.

खरे-खोटे फोटोवरून शपथेवर सांगता येत नाही, पण घरी या गोष्टी तपासा. सोनाराच्या काट्यावर वजन करा. नवे असताना हे साधारण साडेतीन ते पावणेचार ग्रॅम भरे, तुमच्यासारखे झिजलेले तीनच्या आगेमागे असावे. कड भिंगाखाली फिरवून पाहा. कडेवर सगळीकडून एकसारखी शिवण असेल, किंवा पृष्ठभागावर साबणासारखी गुळगुळीत मऊ अक्षरे आणि बारीक बुडबुड्यांची छिद्रे असतील, तर ते साच्यात ओतलेले आहे. कडेला ठोकताना पडलेल्या बारीक भेगा ही चांगली खूण. कुठे चांदीचा पापुद्रा सुटून आत तांबे किंवा हिरवट रंग दिसला तर ते त्याच काळातले खोटे नाणे असू शकते: तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून ठसा मारलेले. तेही दोन हजार वर्षांचे आहे, फेकून देऊ नका.

होडीच्या बाजूला चंद्रकोर, ठिपका, अक्षर असे बारीक ठोके दिसले तर दुःखी होऊ नका. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांचे ठोके असतात ना, तसेच. तिथल्या सराफांनी आत तांबे तर नाही ना, हे पाहायला मारलेले. आणि एखाद्या चौकटीत आय-एम-पी व्ही-ई-एस असा ठोका असेल तर मला ताबडतोब कळवा. तो सम्राट व्हेस्पाशियनच्या काळात आशिया मायनरमध्ये मारला गेलेला शिक्का, पहिल्या शतकाच्या सत्तरीतला, म्हणजे अँटनीनंतर शंभर वर्षांनी हे नाणे तिथे चालत होते याचा लेखी पुरावा.

पुढच्या राज्यकर्त्यांनीही लीजनांची नाणी काढली, पण त्यांचा घोटाळा तुमच्या नाण्याशी होणार नाही. इ.स. ६८ मध्ये आफ्रिकेत बंड करणाऱ्या क्लोडियस मॅकरने सरळ अँटनीचाच नमुना उचलला, ती फारच दुर्मिळ. सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९३ मध्ये गादीवर बसताच आपल्याला पाठिंबा देणाऱ्या १५ लीजनांची नावे नाण्यांवर घातली. त्यांवर होडीऐवजी त्याचा दाढीवाला चेहरा असतो.

अशी नाणी त्या काळी आपल्याकडे आली असतील का, असे अनेक जण विचारतात. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी उतरत आणि तिथल्या नाण्यांशी बदलताना नफा होई, असे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिले आहे. पैठण आणि तेर इथला माल भडोचला जात असल्याची नोंदही त्यातच आहे. पण भारतात जमिनीतून निघालेले रोमन चांदीचे ठेवे पाहिले तर ते प्रामुख्याने दक्षिणेतले आणि मुख्यतः ऑगस्टस व त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांच्या चांगल्या कसाच्या नाण्यांचे आहेत. आपले व्यापारी नाणे कसाने घेत, अँटनीच्या निशाणाचे त्यांना काय? दादांचे नाणे त्यामुळे बहुधा दोन हजार वर्षे युरोपात किंवा पश्चिम आशियात काढून, त्यांच्याच खिशातून इकडे आले. 'दीनार' हा शब्द मात्र खरोखर तिकडून आला आणि गुप्तांच्या सोन्याच्या नाण्याला चिकटला.

कायद्याचे दोन शब्द. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे भारताबाहेर नेण्यावर बंधन आहे. परदेशातल्या भाच्याला पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. दादांची चिठ्ठी आणि लंडनची पावती असेल तर तीही नाण्याबरोबर जपून ठेवा.

ठेवण्याचे सोपे आहे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात असेल तर आजच काढा. त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवा थर सुटतो आणि चांदी खातो. साध्या कोऱ्या कागदाच्या छोट्या पाकिटात, कोरड्या डबीत, सोबत ओलावा शोषणारी पुडी. हाताळताना बोटे फक्त कडेला, आणि खाली उशी किंवा दुमडलेला टॉवेल. इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, फरशीवर पडली तर काचेसारखी तुटू शकते.

वजन, कडेचा एक फोटो आणि तिरप्या उजेडातले सात-आठ फोटो एवढे पाठवा. एक्सच्या उजवीकडची जागा स्पष्ट दिसेल असा एक तरी असू द्या. आकडा लागला तर उत्तमच. नाहीच लागला, तर पाकिटावर शाईच्या पेनाने एवढे लिहा: 'मार्क अँटनी, लीजन दहा किंवा पुढची, दादांकडून.'